काखेतली गाठ, जुनी फाईल आणि बंद सिम: एका घरातल्या क्षयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव आणि धुळ्याच्या मधल्या पट्ट्यातलं, बोरी नदीच्या काठचं एक गाव. मी तालुक्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस करते. ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले काही तपशील बदलले आहेत, वैद्यकीय बाबी मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

घर शेतकऱ्याचं. कापूस, थोडी ज्वारी, विहिरीला पाणी असेल त्या वर्षी गहू. नवऱ्याने मामाची मुलगी केलेली, म्हणजे सासू ही तिची सख्खी आत्या. आपल्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. मीही केसपेपरवर ‘आई-वडील नात्यातले: होय’ असं लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले. त्या ‘होय’कडे परत यायला मला अडीच महिने लागले.

पहिली मुलगी अडीच वर्षांची होऊन गेली होती. ‘टीबीनं गेली’ एवढंच घरचे सांगायचे. आजीला तरुणपणी टीबी झाला होता आणि औषधांनी ती बरी झाली होती, त्यामुळे गावाच्या दृष्टीने गोष्ट सरळ होती: त्या घरात टीबी आहे. आजीचं मत थोडं वेगळं होतं. पहिल्याच भेटीत सुनेसमोरच त्या म्हणाल्या, “हाऊ सुनना माहेरना रोग शे, मॅडम.” सुनेचं माहेर म्हणजे आजींचंच माहेर, हे त्या क्षणी आम्हा तिघींपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

हा दुसरा मुलगा. जन्मतःच डाव्या दंडावर बीसीजी, म्हणजे टीबीची लस, दिलेली. साडेतीन महिन्यांचा असताना डाव्या काखेत बोराएवढी गाठ आली, महिन्याभरात ती लिंबाएवढी झाली. गावातल्या डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. जखम भरलीच नाही, वाहत राहिली.

बीसीजीनंतर काखेत गाठ येणं तसं दुर्मीळ नाही. बाळ हसत-खेळत असेल, वजन वाढत असेल, तर बहुतेक गाठी आपोआप बसतात. पू झालाच तर सुईने ओढून घ्यावा. चीर दिली की अशी जखम महिनोन्‌महिने वाहते. गावातल्या डॉक्टरांचं चुकलं ते एवढंच. गाठीच्या मुळाशी काय आहे, हे त्यांना कळण्याची शक्यता नव्हती.

अडचण

माझ्याकडे आला तेव्हा बाळ पाच महिन्यांचं, वजन ५.२ किलो. ताप, काखेत वाहणारी जखम, मानेत दोन्ही बाजूंनी गाठी, यकृत आणि पाणथरी दोन्ही हाताला लागत होती. हिमोग्लोबिन ७.८. तोंड आलेलं, जिभेवर दह्यासारखा पांढरा थर. आई म्हणाली, तोंड महिन्यापासून असंच आहे, ग्लिसरीन लावतो.

मानेतल्या गाठीत सुई घालून नमुना घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या इतक्या होत्या की पॅथॉलॉजिस्टनी मला फोन करून बोलावलं. ते एक वाक्य बोलले, ते मी ऐकलं पण मनावर घेतलं नाही: “जंतू खच्चून आहेत, पण ग्रॅन्युलोमा धड बनलेला दिसत नाही.” शरीर टीबीच्या जंतूंभोवती पेशींचं जे कडं उभारतं, तो ग्रॅन्युलोमा. इथे शत्रू भरपूर, कडं मात्र विस्कटलेलं. टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी सीबीनॅट तपासणी केली. ते पॉझिटिव्ह आलं, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला प्रतिकार नाही. बाळाची निक्षय या सरकारी टीबी-नोंदणीवर नोंद झाली आणि वजनाप्रमाणे मुलांच्या तीन औषधांची एक विरघळणारी गोळी व सोबत इथॅम्ब्युटॉलची एक, असं सुरू केलं.

पाच महिन्यांच्या बाळाला अंगभर पसरलेला टीबी झाला तर तो देणारा मोठा माणूस बहुधा त्याच घरात सापडतो. टीबी कार्यक्रमाचे पर्यवेक्षक घरी गेले. पाच मोठ्यांचे एक्स-रे झाले, ज्यांना खोकला होता त्यांचे थुंकीचे नमुने तपासले. आजींच्या फुप्फुसात जुना वण होता, जिवंत आजार कुणालाच नाही. मी मनाशी म्हटलं, कुणीतरी पाहुणा असेल.

सहा आठवड्यांनी वजन ५.३. ताप तसाच.

समोर असलेले मार्ग

या टप्प्यावर तीन वाटा होत्या. औषध नीट दिलं जात नाही असं धरून तेच पुढे चालू ठेवायचं. किंवा औषधाला दाद न देणारा टीबी समजून वरच्या उपचारांकडे जायचं. किंवा निदानाच्याच मुळाशी जायचं.

मी पहिली वाट धरली. खरं कारण सांगते: ती सर्वांत सोपी होती आणि तिच्यात दोष आईच्या पदरात टाकता येत होता. गोळी पाण्यात विरघळवून पूर्ण पाजता का, उलटी झाली तर परत देता का, असं तिला तीन-तीनदा विचारलं. ती चौथ्या वेळी काही बोलली नाही. पुढच्या भेटीत गोळ्यांची रिकामी पाकिटं दोरीत ओवून घेऊन आली, तारखा पेनाने लिहिलेली. एकही दिवस चुकला नव्हता. तीन आठवडे असे गेले.

त्याच भेटीत तिने प्लास्टिकच्या पिशवीतून पहिल्या मुलीची फाईल काढली. ही पिशवी ती पहिल्या दिवसापासून सोबत आणत होती. मी ती उघडून पाहिली नव्हती, ‘टीबीनं गेली’ यातच मला सगळं कळलं होतं.

फाईलमध्ये विडालचे, म्हणजे टायफॉईडसाठीच्या रक्ततपासणीचे, पाच रिपोर्ट होते. खान्देशात ताप तीन दिवस राहिला की विडाल होते आणि ती बहुधा पॉझिटिव्हच येते. ‘टायफाईड निंघना’ हे वाक्य दर घरात वर्षातून एकदा ऐकू येतं. त्यामुळे टायफॉईड या शब्दाचं वजनच गेलं आहे. पण या पाच कागदांखाली शहरातल्या रुग्णालयाचा एक ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट होता, आणि त्यावर जंतूचं नाव होतं: साल्मोनेला टायफीम्युरियम. टायफी नव्हे, टायफीम्युरियम. फाईलच्या पहिल्या पानावर कुणीतरी त्याचं ‘टायफॉईड’ करून टाकलं होतं.

हा फरक शब्दच्छल नाही. टायफॉईडचा साल्मोनेला टायफी धडधाकट माणसालाही आडवा करतो. टायफीम्युरियम सहसा जुलाब-उलट्यांवर थांबतो. तो मुलाच्या रक्तात पोचला, आणि पुन्हा पोचला, तर पहारा कुठे ढिला आहे हे पाहावं लागतं. फाईलमध्ये आठ महिन्यांच्या अंतराने असे दोन कल्चर होते. आणि मुलीच्याही डाव्या काखेत ‘जुन्या जखमेचा वण’ असल्याची नोंद होती.

साल्मोनेला आणि क्षयाच्या घराण्यातले जंतू यांच्यात एक साम्य आहे. दोघेही आपल्याच भक्षक पेशीच्या, मॅक्रोफेजच्या, पोटात शिरून तिथेच राहतात. त्यांना मारायचं तर त्या पेशीलाच बाहेरून हुकूम मिळावा लागतो. जंतू गिळल्यावर मॅक्रोफेज आणि तिच्या सोबतच्या पेशी इंटरल्युकिन-१२ नावाचा निरोप सोडतात. टी-पेशी आणि एनके पेशी या संरक्षक पेशींवर तो निरोप घेणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. निरोप पोचला की त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, आणि इंटरफेरॉन-गॅमा मिळालेली मॅक्रोफेज पोटातल्या जंतूला पचवू लागते. या साखळीची एखादी कडी जन्मापासून नसेल, तर मूल इतर बहुतेक विषाणू-जंतूंशी नीट लढतं, पण मुख्यतः याच दोन घराण्यांपुढे हतबल होतं. १९९६ मध्ये माल्टातल्या एका कुटुंबात आणि ट्युनिशियातल्या एका बाळात अशी पहिली कडी, इंटरफेरॉन-गॅमाचा ग्राहक, तुटलेली सापडली. १९९८ मध्ये इंटरल्युकिन-१२ च्या ग्राहकातला दोष सापडला. आता अशी वीसहून अधिक जनुकं माहीत आहेत.

डावी काख, घरात न सापडलेला रुग्ण, विस्कटलेला ग्रॅन्युलोमा, बरं न होणारं तोंड, दोनदा टायफीम्युरियम, गेलेली बहीण आणि आते-मामे भावंडांचं लग्न. सातही गोष्टी पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलावर होत्या.

सीबीनॅट चुकलं नव्हतं, पण त्याचा आवाका मी विसरले होते. ते क्षयाच्या जंतूंचं सगळं घराणं एकच समजतं. बीसीजीचा जंतू हा गुरांच्या क्षयाच्या जंतूचा दुबळा केलेला भाऊबंद. काल्मेत आणि गेरँ यांनी १९०८ पासून तेरा वर्षं त्याची २३० वेळा पुनर्लागवड केली आणि १९२१ मध्ये पॅरिसमध्ये तो पहिल्यांदा बाळाला दिला. सीबीनॅटला तोही ‘पॉझिटिव्ह’च दिसतो. शिवाय हा जंतू पायराझिनामाइडला मुळातच दाद देत नाही. म्हणजे दोन महिने त्या गोळीतलं एक औषध बाळाच्या यकृतावर नुसता भार टाकत होतं.

जे केलं

पायराझिनामाइड थांबवलं. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल चालू ठेवून लिव्होफ्लॉक्सासिन जोडलं. गाठीतला नमुना कल्चरला आणि जंतू ओळखणाऱ्या पीसीआरला मुंबईला पाठवला. उत्तर यायला वेळ लागणार होता, पण तोवर थांबण्यात अर्थ नव्हता.

मग चाळणी. एचआयव्ही निगेटिव्ह. लिम्फोसाइटची संख्या वयाला साजेशी, म्हणजे प्रतिकारशक्ती मुळापासूनच नसण्याचा गंभीर आजार असण्याची शक्यता कमी. बीसीजी पसरण्यामागे पांढऱ्या पेशींचा आणखी एक जन्मजात आजार असतो, त्यासाठीची डीएचआर तपासणी नॉर्मल.

एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी इग्रा, म्हणजे टीबीच्या संसर्गाची एक रक्ततपासणी, करायला सुचवलं. त्यांचा तर्क चांगला होता. इग्रा ज्या प्रथिनांवर चालते ती बीसीजीत नाहीतच, लस बनताना जनुकांचा तो तुकडा, आरडी-१, गळून गेला. तेव्हा इग्रा निगेटिव्ह आली तर बीसीजी, पॉझिटिव्ह आली तर खरा टीबी. मीही हो म्हटलं आणि रिपोर्ट आला ‘अनिर्णीत’. ज्या नळीत काही झालं तरी इंटरफेरॉन-गॅमा तयार व्हायलाच हवा, त्या नळीतही तो पुरेसा झाला नव्हता. लॅबवाल्याला फोन करून मी नमुना बिघडला का विचारलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ही तपासणी इंटरफेरॉन-गॅमाच मोजते. मी लंगड्या पायाला शर्यतीत पळवून पायाची परीक्षा घेत होते. लहान बाळांत अनिर्णीत रिपोर्ट अशा दोषाशिवायही येतात, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. पण त्या मुलाच्या बाबतीत इग्रा निगेटिव्ह आली असती तरी तिचा काही अर्थ लावता आला नसता, हे आधीच सुचायला हवं होतं.

खरी तपासणी मुंबईत होती. अशा जन्मजात दोषांवर परळला केईएमच्या आवारातली आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था काम करते हे माहीत होतं, आणखीही काही ठिकाणं आहेत. टी-पेशींना चेतवून त्यांच्यावर इंटरल्युकिन-१२ चा ग्राहक दिसतो का, हे फ्लो सायटोमीटर या पेशी तपासणाऱ्या यंत्रावर पाहतात. पेशी जिवंत पोचायला हव्यात. बाळाला तापात तेवढा प्रवास नको म्हणून वडील एकटे निघाले: हिरव्या टोपणाच्या दोन नळ्या, एक बाळाची आणि एक तुलनेसाठी आमच्या कंपाउंडरची, आणि एक थर्मास. सकाळी दहाला फोन आला, नमुना घेत नाहीत. थर्मासमध्ये त्यांनी स्टेशनबाहेरून बर्फ भरला होता. सिस्टरच्या डब्यात लस बर्फात ठेवतात हे त्यांनी दोनदा पाहिलेलं, आणि मी ‘थर्मास न्या’ म्हटलं होतं, ‘बर्फ नको’ म्हटलं नव्हतं. थंडीने पेशी गारठून निकामी झाल्या. पुढच्या आठवड्यात दुसरी खेप. या वेळी डब्यावर मोठ्या अक्षरात मी स्वतः लिहिलं: बर्फ नाही.

रिपोर्ट आला तेव्हा बाळ साडेआठ महिन्यांचं होतं. कंपाउंडरच्या पेशींवर ग्राहक होता, बाळाच्या पेशींवर नव्हता. पुढे जनुक तपासणीत हा ग्राहक घडवणाऱ्या आयएल१२आरबी१ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत तोच बिघाड निघाला, आई-वडिलांत प्रत्येकी एका प्रतीत. पीसीआरमध्ये जंतू बीसीजीच ठरला, आरडी-१ गायब.

घरच्यांना सांगताना

हे समजावण्याची तयारी मी कागदावर चित्रं काढून केली होती. वडिलांनी माझं दोन मिनिटं ऐकलं आणि कागद बाजूला सारला. त्यांच्या विहिरीवर मोबाईल ऑटो आहे. घरून फोन लावला की पेटीतलं सिम कॉल घेतं आणि मोटार सुरू होते. रात्री-बेरात्री वीज येते तिथे शेतकऱ्याला याचं फार अप्रूप.

“म्हंजे फोन लागस, पन पेटीमा सिमच नही,” ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

“मोटार चांगली शे?”

मोटार चांगली आहे, म्हणजे टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा बनवू शकतात. त्यांना निरोप मिळत नाही.

“मंग टँकर लावू ना.”

मी चार परिषदांत ऐकलेली उपचाराची तर्कसंगती या माणसाने एका वाक्यात मांडली. इंटरफेरॉन-गॅमाची इंजेक्शनं म्हणजे टँकरच. ग्राहक इंटरल्युकिन-१२ चा गेला असेल तर त्यांचा उपयोग होतो. इंटरफेरॉन-गॅमाचाच ग्राहक पूर्ण गेला असता तर टँकर भरून आणला तरी पिकाच्या मुळांनी पाणी ओढलं नसतं, आणि बोनमॅरो प्रत्यारोपणाचा विचार करावा लागला असता.

आजींचा प्रश्न अवघड होता. गल्लीतल्या सगळ्या पोरांना तीच लस, त्याच बाटलीतून, मग यालाच का? जर्मनीतल्या ल्युबेकची गोष्ट मी त्यांना सोपी करून सांगितली. १९२९-३० मध्ये तिथे सुमारे अडीचशे बाळांना चुकून खऱ्या क्षयाच्या जंतूंनी भेसळलेली लस पाजली गेली. सत्तरहून अधिक बाळं गेली, पण बहुतेक वाचली. डोस सगळ्यांचा सारखा नव्हता, हे खरं. तरी जंतू एक असला तरी प्रत्येक शरीर त्याला वेगळं उत्तर देतं, हे तिथे दिसलं. एरवीही क्षयाचा जंतू शरीरात शिरलेल्या शंभरांतल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो.

मग ‘माहेरच्या रोगा’चं काय? मी कागदाच्या मागे वंशावळ काढली. वर आजींचे आई-वडील. एका फांदीवर आजी, तिच्याखाली मुलगा. दुसऱ्या फांदीवर आजींचा भाऊ, त्याच्याखाली सून. जनुकातला तोच बिघाड दोन्ही फांद्यांनी खाली आला, म्हणजे तो वरच्या जोडप्यातल्या कुणा एकाकडून आल्याची शक्यता सर्वांत जास्त. एक प्रत बिघडलेला माणूस धडधाकट असतो, तशाच आजी. त्यांचा तरुणपणचा टीबी हा साधा, हवेतून आलेला टीबी, त्याचा याच्याशी संबंध नाही. आजी त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग पदराने चष्मा पुसून म्हणाल्या, “म्हंजे मन्हाच माहेरना.” सून खाली बघत होती. मला वाटतं ती हसली, पण मी खात्रीने सांगू शकत नाही.

निकाल

देणगीतून तीन महिने पुरतील इतकी इंटरफेरॉनची इंजेक्शनं मिळाली, आठवड्यातून तीन. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर असताना ती दोन ते आठ अंशांत ठेवायची होती. घरी फ्रीज नव्हता. गावातल्या मेडिकलवाल्याने त्याच्या फ्रीजमध्ये कोपरा दिला आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त फ्रीज चालू ठेवला. इंजेक्शनच्या रात्री बाळाला ताप यायचा, आधी पॅरासिटामॉल दिलं की निभायचं. दुसऱ्या महिन्यात काखेतली जखम कोरडी झाली. नंतर इंजेक्शनं थांबली, गोळ्या चालू राहिल्या. वर्षाचा झाला तेव्हा वजन ७.४ किलो.

पंधराव्या महिन्यात ताप आणि जुलाब. या वेळी विडाल केली नाही. आधी ब्लड कल्चर घेतलं आणि लगेच सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक सुरू केलं. कल्चरमध्ये पुन्हा टायफीम्युरियम. दहाव्या दिवशी मूल घरी गेलं. दोन वर्षांचा झाला तेव्हा वजन १०.१, पाणथरी हाताला लागत नव्हती.

दरम्यान आई पुन्हा गरोदर राहिली. प्रत्येक वेळी चारात एक धोका. गर्भजलाची तपासणी शक्य होती आणि तिची माहिती मी दोघांना दिली. त्यांनी जन्मानंतर पाहायचं ठरवलं. माझंही मत त्या बाजूला झुकलेलं होतं: हा दोष वेळेत कळला तर सांभाळता येतो, आणि बीसीजी टाळली तर निम्मं संकट टळतं. दोन्ही प्रती बिघडूनही कधीच आजारी न पडणारी माणसंही अशा कुटुंबांत सापडली आहेत.

पण जन्मलेल्या बाळाची बीसीजी रोखणं तालुक्यात सोपं नाही. कार्डावरचा पहिलाच रकाना कोरा राहिला की आशाताईला वरून विचारणा होते. मी लेखी पत्र दिलं, सिस्टरशी बोलले, तरी तिसऱ्या दिवशी आशाताई दारात उभी होती. तिची चूक नव्हती. जिथे टीबी आहे तिथे बाळाला बीसीजीशिवाय ठेवणं हाही धोकाच. म्हणून घरातल्या मोठ्यांची पुन्हा तपासणी केली, आणि बाळाला दाटीवाटीच्या कार्यक्रमांना नेऊ नका असं सांगितलं. लग्नसराईत ते कितपत पाळलं गेलं देव जाणे.

बाळ अडीच महिन्यांचं असताना रिपोर्ट आला: एकच प्रत बिघडलेली, वाहक, म्हणजे निरोगी. त्याच आठवड्यात उपकेंद्रात बीसीजी दिली. महिना उलटून गेल्यामुळे मात्रा ०.१ मिली, जन्मतः ती ०.०५ असते. तो रकाना सिस्टरने माझ्यासमोर भरला.

वेगळं काय करता आलं असतं

जुनी फाईल पहिल्या दिवशी उघडायची. मूल दगावलेल्या घरात त्या मुलाचे कागद जपलेले असतात, आणि आई ते डॉक्टरने मागावेत म्हणूनच सोबत आणते.

बीसीजीच्या गाठीसोबत वजन अडलं असेल, ताप असेल, दुसरीकडेही गाठी असतील, तर पायराझिनामाइडबद्दल त्याच दिवशी विचार करायला हवा. आईच्या गोळ्या पाजण्यावर शंका घेण्यात माझे तीन आठवडे गेले. तेवढ्यात मुंबईची पहिली खेप झाली असती, बर्फासकट.

एका गोष्टीचा अंदाज मला अजिबात आला नव्हता. ‘डोसमुळे पोरगं मरता मरता वाचलं’ एवढंच गावात पसरलं आणि गल्लीतल्या तीन आयांनी बीसीजी नाकारली. आशाताईने कळवलं तेव्हा मी रविवारी जाऊन ओट्यावर बसले. सांगितलं ते इतकंच: मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीविरुद्ध या लशीचा भरवसा नाही, तामिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८ पासून झालेल्या मोठ्या चाचणीत ते दिसलं. पण तान्ह्या मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून ती वाचवते. या घरातला दोष फार दुर्मीळ, तुमच्या घरात काखेची गाठ, गेलेलं मूल आणि नात्यातलं लग्न असं एकत्र असेल तर आधी मला दाखवा. दोघींनी लस दिली. तिसरी अजून टाळते आहे. निदान सांगताना गावाला काय सांगायचं हेही त्याच दिवशी ठरवलं असतं तर ही वेळ आली नसती.

आणि उलट टोकाची चूकही लिहून ठेवते. या प्रकरणानंतर काही महिने मला प्रत्येक टीबीच्या घरात जनुक दिसू लागलं. एका घरात तीन रुग्ण असले तर कारण बहुधा एकच बंद खोली, एकच चुलीचा धूर, कुपोषण, कुणाचा तरी मधुमेह हेच असतं. मी दोन कुटुंबांना उगाच मुंबईचा खर्च करायला लावला.

आजींचा धाकटा मुलगा आणि सुनेची धाकटी बहीण यांचं लग्न लहानपणापासून ठरल्यासारखं आहे. दोघेही वाहक असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी, म्हणजे तपासणीआधी त्यांच्या प्रत्येक मुलाला सोळात एक धोका. दोघे सज्ञान आहेत, तपासणी करा किंवा करू नका, लग्न करा किंवा करू नका, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं, असं मी आजींना सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. गेल्या मंगळवारी दुपारी, ओपीडी संपता संपता दोघे मोटरसायकलवर आले. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. दोघांचे नमुने घेतले.